टेक्सासहून आणलेला पिकअप, मिशिगनचा पहिला हिवाळा: खालून गंज धरू नये म्हणून काय लावू?

मिरज_ते_मिशिगन:

नमस्कार मंडळी. ग्रँड रॅपिड्सच्या पश्चिमेला राहतो. गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे रोज या फार्मवरून त्या फार्मवर फिरणं असतं. जुनी व्हॅन गेल्या मार्चमध्ये गंजाने संपली. इंजिन धडधाकट होतं, पण मेकॅनिकने फ्रेमवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर (चासीवर), हातोडी मारली आणि ती सरळ आत गेली. म्हणून या वेळी मुद्दाम टेक्सासहून २०१७ सालचा पिकअप आणला. खाली आडवा होऊन बघितलं, तर कंपनीचा काळा थर जसाच्या तसा, नटबोल्टांवर तेवढी जरा लाली.

आता हा असाच राहावा अशी इच्छा आहे. इथला एक डीलर म्हणतो, रबराचा काळा थर मारून देतो, साडेसातशे डॉलर, वर लाइफटाइम गॅरंटी. कामावरचा एक जण म्हणतो, लोकरीच्या तेलाचं काहीतरी मिळतं ते मार. दुसऱ्याने बॅटरीला जोडायचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र सुचवलं, त्याने म्हणे गंज चढतच नाही. माझ्याकडे छोटा कॉम्प्रेसर आहे, हाताने काम करायची सवय आहे. गॅरेज घराला लागून आहे आणि हिवाळ्यात गरम असतं. रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत नक्की काय करू? हा ट्रक मला निदान दहा वर्षं तरी वापरायचाय.

कृष्णाकाठ:

कोरड्या प्रदेशातली फ्रेम शोधून आणलीत, फार चांगलं केलंत. आधी चाकणला आणि मग डेट्रॉइटजवळ, गाड्यांच्या फ्रेमना थर चढवायच्या कामातच माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रबराचा थर नको. साडेसातशे डॉलर राहू द्या, कोणी फुकट मारून देतो म्हणालं तरी नको. तो थर वाळून घट्ट होतो. चाकांनी उडवलेले खडे त्यावर बसतात, एखाद्या कडेला तो बारीकसा सुटतो आणि तिथून मिठाचं पाणी आत शिरतं. शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं आणि आत पत्रा खलास झालेला असतो. मी असे थर खरवडून काढलेले आहेत, खरवडणीबरोबर लोखंडाचे पापुद्रे हातात येतात. गॅरंटीच्या कागदावरची बारीक अक्षरं नीट वाचा. दरवर्षी त्यांच्याकडेच तपासणी करून घेण्याची अट बहुतेक ठिकाणी असते, आणि एक वर्ष चुकलं की गॅरंटी गेली.

ते बॅटरीवरचं यंत्रही नको. त्यामागचं तत्त्व खरं आहे. जहाजाच्या तळाला, जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला, घरच्या गिझरच्या टाकीला ते उत्तम चालतं, कारण तिथे धातू सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतो आणि विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. तुमचा ट्रक हवेत उभा आहे. इथे थेंब, तिथे थेंब, मध्ये कोरडं. वर्तुळच होत नाही.

तुम्हाला हवं आहे ते लोकरीचंच. मेंढीच्या लोकरीत जो मेणचट तेलकटपणा असतो, लॅनोलिन, त्यापासून केलेलं. इथे फ्लुइड फिल्म आणि वुलवॅक्स ही दोन नावं सहज मिळतात. वुलवॅक्स जरा दाट आहे, जास्त टिकतं, पण कॉम्प्रेसरला जोडायच्या फवारणीच्या गनमधून मारायला थोडं जड जातं. दोन्हींचा गुण एकच: वाळत नाहीत. ओलसर राहतात, सांध्यांत आणि बोल्टच्या आट्यांत हळूहळू सरकत जातात, ओरखडा पडला तर आजूबाजूचं थोडंफार तिकडे पसरतं. वाळत नाही हाच गुण आणि हीच मर्यादा. चाकांच्या मागे, जिथे पाण्याचा सरळ मारा बसतो, तिथे ते एका हिवाळ्यात धुऊन जातं. म्हणून दरवर्षी लावायचं. एकदा लावलं आणि विसरलो, असं काही या जगात मिळत नाही, डीलर काहीही म्हणो. वासाची तयारी ठेवा, पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा येतो. गाडी तापली की पहिले काही दिवस जास्तच. नंतर जातो.

आता तुमच्या कामाबद्दल, कारण तुमचा ट्रक शहरातल्या ट्रकसारखा नाही. एक, फार्मांकडे जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून उन्हाळ्यातसुद्धा कॅल्शियम क्लोराइडचं पाणी फवारतात. म्हणजे तुमच्या गाडीला मीठ जूनमध्येही लागतं. दोन, गोठ्याच्या आवारातलं शेण आणि मूत. ते फ्रेमवर साचलं की ओल धरून ठेवतं आणि लोखंड खातं. तेव्हा हिवाळ्याआधी एकदा लावून भागणार नाही. मे महिन्यात निदान चाकांमागचा भाग आणि पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) पुन्हा एकदा करायचे.

मिठाचं थोडं समजून घ्या, म्हणजे कुठे लक्ष द्यायचं ते आपोआप कळेल. आमच्या डेट्रॉइट शहराखाली साधारण १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे, त्यामुळे इकडे मिठाची चणचण नाही. आता नुसते खडे टाकत नाहीत, बर्फ पडायच्या आधीच २३ टक्क्यांचं खारं पाणी रस्त्यावर फवारून ठेवतात. पंधरा फॅरनहाइटच्या खाली साधं मीठ फार मंद चालतं, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालतात. ही दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात. रस्ता कोरडा दिसला तरी गाडीची खालची बाजू ओलीच राहते. आणि पातळ खारं पाणी खड्यांसारखं उडून बाजूला पडत नाही, ते बारीक तुषार होऊन वर, फ्रेमच्या आत, दारांच्या पोकळीत जातं.

गंज मात्र कडाक्याच्या थंडीत फारसा चढत नाही. तो चढतो ऊब मिळाली की. म्हणून मार्चचं वितळणं वाईट आणि तुमचं गरम गॅरेज त्याहून वाईट. संध्याकाळी मिठाच्या चिखलाने लडबडलेली गाडी आत घातली, चिखल वितळला, रात्रभर उबेत तो लोखंडावर बसला. रोज. जमत असेल तर हिवाळ्यात ट्रक बाहेरच उभा करा, सकाळी काच खरवडायचे कष्ट पडले तरी चालतील.

आता प्रत्यक्ष काम. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, हवा ५० फॅरनहाइटच्या वर आणि दोन-तीन दिवस कोरडे असताना. आधी खालून भरपूर धुवा. धुतल्यावर लगेच मारू नका, पूर्ण वाळू द्या, गाडी जरा फिरवून आणा. सुटलेल्या खपल्या तारेच्या ब्रशने काढा. तुमच्या फ्रेमला गंज नाहीच म्हटल्यावर गंजाचा रंग बदलणारी ती रसायनं वगैरे काही लागत नाही. घाण तेवढी निघाली पाहिजे.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. रॅम्पवर चढवा नाहीतर जॅक स्टँड लावा, जमिनीवर टेकलेल्या चाकांना ठोकळे घाला. डोळ्यांना चश्मा, तोंडाला मास्क, खाली पुठ्ठे. डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवून कोमट करून घेतलात तर गनमधून छान येतं. तुमचा कॉम्प्रेसर छोटा असला तरी चालेल, मधूनमधून थांबावं लागेल इतकंच. मोठ्या पिकअपला साधारण एक गॅलन लागतो, थोडं जास्तच आणून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. फ्रेम आतून मारा. हल्लीच्या फ्रेमचा बराचसा भाग चौकोनी बंद पेटीसारखा असतो, आणि त्या आतून बाहेर गंजतात. तुमच्या व्हॅनच्या फ्रेममध्ये हातोडी घुसली ती याच कारणाने असणार. मोठमोठ्या कंपन्यांनाही हे महागात पडलं आहे: १९९५ ते २००० सालच्या टकोमा पिकअपच्या फ्रेम गंजून पोखरल्या, तेव्हा टोयोटाला २००८ मध्ये त्यावरची वॉरंटी १५ वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि कित्येक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. गनबरोबर एक लांब लवचीक नळी मिळते, तिच्या टोकाला चारी बाजूंनी फवारणारं तोंड असतं. फ्रेमला कंपनीने ठेवलेली भोकं असतातच. त्यांतून नळी पार आत घाला आणि फवारत फवारत हळूहळू मागे ओढा. पलीकडच्या भोकातून तेल गळायला लागलं की समजा पोहोचलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि गाडी सुंदर दिसण्याशी त्याचा काही संबंध नाही, म्हणूनच घाईत असलेले लोक नेमकं हेच सोडतात.

मग पेट्रोलच्या टाकीच्या वरची बाजू आणि टाकीचे पट्टे, तिथून जाणाऱ्या ब्रेकच्या नळ्या आणि त्यांच्या क्लिपा, मागचे पाटे आणि त्यांचे शॅकल (पाटे फ्रेमला जोडणाऱ्या कड्या), बंपरचे ब्रॅकेट, टेलगेटची खालची शिवण. दारांच्या आणि दाराखालच्या पट्टीच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा आणि मोकळीच ठेवा, तेलाने बुजवू नका. ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर एक थेंबही जाता कामा नये, त्या पिशवीने झाका. सायलेन्सर आणि एक्झॉस्टला लावू नका, धूर होतो. रबरी बुश आणि बेल्ट टाळा, नैसर्गिक रबर तेलाने फुगतं.

मिरकरवाडा:

मी रत्नागिरीहून लिहितोय. आमच्या बंदरावरून मासळी नेणाऱ्या टेम्पोंना बारा महिने बर्फाचं खारं पाणी लागतं, क्रेटमधून सारखं चासीवर ठिपकत असतं. आम्ही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गाडी वॉशिंगला नेतो आणि खालून जळलेलं इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून फवारून घेतो. खर्च नाहीच जवळजवळ. पाटे तर त्यात न्हाऊनच निघतात. त्या लोकरीच्या तेलाला एवढे पैसे कशाला? तुमच्याकडे ऑइल चेंजचं जुनं तेल निघतच असेल की.

कृष्णाकाठ:

दादा, तुमची रीत मुळात बरोबर आहे. न वाळणारं तेलकट आवरण द्यायचं आणि ते दरवर्षी नव्याने द्यायचं, हेच मी वर लिहिलंय. खाऱ्या पाण्यात रोज राबणाऱ्या गाड्या कोकणात त्याच्याच जोरावर टिकतात.

पण जळलेलं तेल इथे सुचवणार नाही. इंजिनात जळून त्यात आम्ल तयार झालेलं असतं, झिजलेल्या धातूचा बारीक चुरा असतो, आणि डिझेल मिसळल्यावर ते रबराला चांगलंच खातं. शिवाय ते टिकत नाही, पहिल्या दोन-चार धुण्यांत जातं. आणि जातं कुठे, तर जमिनीत. यांचा ट्रक उभा राहतो गोठ्यांच्या आवारात, जिथे गुरांना प्यायला विहिरीचं पाणी असतं. इथे जुनं तेल जमिनीवर सांडणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी सांगितलं नसतं. तुमच्याकडेही जमलं तर नवीन स्वस्त गिअर ऑइल वापरा. दाट असतं, जास्त दिवस राहतं, आणि तुमच्या माणसांच्या हाताला जळलेल्या तेलाची काजळी लागत नाही. तिचा संबंध कातडीच्या आजारांशी आहे, हे मनापासून सांगतो.

हॅमिल्टनकर:

कॅनडातल्या ओंटॅरिओमधून. आमच्याकडचं मीठ बहुतेक गोडरिचचं, लेक ह्युरॉनच्या तळाखाली साडेपाचशे मीटरवर खाण आहे, जमिनीखालची जगातली सगळ्यात मोठी. म्हणजे तळ्याच्या दोन्ही काठांना आपली सारखीच परीक्षा.

काकांनी सगळं नीट सांगितलंय. मला फक्त ब्रेकच्या नळ्यांबद्दल जोर देऊन सांगायचंय. माझ्या मागच्या गाडीची बॉडी चकाचक होती, कुठे फोड नाही की डाग नाही. एका संध्याकाळी ४०१ हायवेवर पुढची रांग थांबली म्हणून ब्रेक दाबला, तर पॅडल खालपर्यंत गेलं. टाकीच्या वरून जाणारी लोखंडी नळी क्लिपेखाली गंजून फुटली होती. पुढच्या चाकांच्या ब्रेकवर आणि हँडब्रेकवर कशीबशी बाजूला घेतली. मागच्या सीटवर मुलगी होती. त्या दिवसापासून मी गाडीचा रंग बघत नाही, आधी नळ्या बघते. बदलताना तांबे-निकेल मिश्रधातूच्या टाकून घेतल्या, त्या गंजत नाहीत आणि वाकवायलाही मऊ असतात. पैशांत फार फरक पडत नाही.

स्वतः करायला वेळ नसेल त्यांच्यासाठी: इकडे क्राऊन आणि रस्ट चेकची दुकानं जागोजागी आहेत, ते पातळ तेल फवारतात. ते लॅनोलिनपेक्षा जास्त सरकतं, पत्र्याच्या दुमडलेल्या शिवणीत छान जातं. पण एक-दोन दिवस गाडीखाली ठिपके पडतात, ड्राइव्हवेवर पुठ्ठा टाका. काही ठिकाणी दाराखालच्या पट्टीला भोक पाडून आत फवारतात आणि प्लास्टिकचं बूच लावतात. ते करू द्यायचं की नाही हे आधीच ठरवा आणि काउंटरवर स्पष्ट सांगा. मी कंपनीच्या भोकांतूनच करायला सांगते.

आणि जपलेल्या फ्रेमचे पैसे विकताना वसूल होतात. आमच्याकडे गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना सेफ्टी सर्टिफिकेट लागतं, फ्रेमला भोक असेल तर ते मिळतच नाही.

मिरज_ते_मिशिगन:

सगळ्यांचे मनापासून आभार. रबराचा विषय संपला, आज फोन करून नाही म्हणून सांगितलं. ताई, तुमचा अनुभव वाचून लगेच टॉर्च घेऊन खाली गेलो. नळ्या चांगल्या आहेत, पण टाकीच्या वरचं काही दिसत नाही.

काका, अजून तीन गोष्टी. फ्रेमवर कंपनीचा काळा थर आहे तो काढायचा का? स्पेअर चाक मागे खाली लटकवलेलं आहे, त्याचं काय करायचं? आणि हिवाळ्यात गाडी धुवायची की नाही? कामावर दोघांनी दोन उलटी उत्तरं दिली. गॅरेजचं घरी बोललो, ट्रक बाहेर राहील.

कृष्णाकाठ:

कंपनीचा थर अजिबात काढू नका. चांगला बसलेला असेल तो राहू द्या, लॅनोलिन त्याच्यावरच मारा. फक्त नखाने एका कोपऱ्यात टोकरून बघा. मऊ लागला, नखात आला, तर तो मेणाचा आहे. मेणाचा थर काही वर्षांनी पापुद्रे धरून सुटतो आणि खाली ओल धरतो. सुटला असेल तेवढाच भाग खरवडा, बाकीच्याला हात लावू नका. नखाला टणक लागला तर तो विजेवर बसवलेला रंग आहे, त्याच्या फक्त कडा आणि वेल्डिंगचे सांधे तपासा. रंग धारदार कडेवर नेहमी पातळ बसतो, गंज पहिला तिथूनच येतो. वेल्डिंगवरही तसंच.

स्पेअर चाकाचं बरं विचारलंत. ते आत्ताच खाली उतरवा. ज्या तारेवर ते लटकतं ती तार आणि वरची चकरी गंजून धरते, आणि मग जानेवारीत रस्त्यावर पंक्चर झालं की चाक खाली येतच नाही. तार पूर्ण सोडा, तिला आणि चकरीला भरपूर तेल मारा, चाकाची लोखंडी रिम आतून-बाहेरून मारा, टायरला लागू देऊ नका. चाक उतरलेलंच आहे तर वरच्या फ्रेमचा आडवा दांडाही तेव्हाच करून घ्या, एरवी तिथे हात पोहोचत नाही. ट्रेलर जोडत असाल तर मागच्या विजेच्या प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं ग्रीस) भरा. फ्रेमला जिथे जिथे अर्थिंगच्या तारा बोल्टने लावल्या आहेत तिथेही बाहेरून तेलाचा हात फिरवा.

टाकीच्या वरचं बघायला आपल्या फोनला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, स्वस्तात येतो. तोच फ्रेमच्या भोकातून आतही घाला, तेल कुठपर्यंत पोहोचलं ते दिसेल.

धुवायचंच, पण दिवस बघून. तापमान ३२ फॅरनहाइटच्या वर गेलं, रस्त्यावर पाणी वाहायला लागलं, की खालून फवारा असलेल्या वॉशमध्ये न्या. बऱ्याच ठिकाणी पाणी गाळून पुन्हा वापरतात, आदल्या गाडीचं मीठ तुमच्या गाडीवर येतं. म्हणून आधी विचारा आणि खालच्या फवाऱ्याला ताजं पाणी वापरतात तिथेच जा. हातातली प्रेशरची गन मात्र फ्रेमच्या अगदी जवळ धरू नका, लावलेलं सगळं उडून जाईल. धुऊन झाल्यावर गरम गॅरेजमध्ये उभी करायला हरकत नाही, मीठ गेलेलं असतं आणि आतली ओल वाळते.

एप्रिलमध्ये रस्ते पावसाने धुतले गेले की बागेतला पाण्याचा फिरता स्प्रिंकलर गाडीखाली ठेवून अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, थोडी पुढे घ्या, पुन्हा ठेवा. साचलेलं मीठ निघून जातं आणि लॅनोलिनला धक्का लागत नाही. तेव्हाच खाली जाऊन कुठला भाग उघडा पडलाय ते खडूने खुणा करून ठेवा, मे महिन्यात तेवढंच पुन्हा मारायचं. पाट्यांच्या शॅकलचे आणि मागच्या बंपरच्या ब्रॅकेटचे फोटो आत्ताच काढून इथे टाका, टेक्सासच्या गाडीतसुद्धा तिथे काय निघेल सांगता येत नाही.